फूल नापास

फुलांवर प्रेम करणारी माणसं स्वभावानं मवाळ असतात, हा समज आपल्याकडे कुणी पसरवला कोण जाणे! बहुधा कवींनी पसरवला असावा. कवी फुलं बघतात, लावत नाहीत. फुलांचं वेड असलेला माझ्या ओळखीचा पहिला माणूस म्हणजे आमच्या गल्लीतले एक पापभीरू सद्‌गृहस्थ. पहाटे पाचला एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात आकडी लावलेली काठी घेऊन ते निघत, दुसऱ्यांच्या कंपाउंडातली जास्वंद, तगर, प्राजक्त असं सगळं गोळा करत आणि साडेसहाला घरच्या देवाला वाहत. देव त्यांच्या घरचा, फुलं आमच्या घरची. पुण्य कुणाच्या खात्यावर जमा होत होतं, याचा हिशेब वर कुणीतरी ठेवत असेलच.

पण हे झाले फुलं तोडणारे. फुलं वाढवणारे त्याहून कठोर असतात. बाग करणारा माणूस दिवसभर काय करतो ते एकदा नीट बघा. तो उपटतो, छाटतो, खुडतो, कापतो. दहा रोपं उगवली की त्यातली सात काढून टाकतो आणि वर म्हणतो, ‘‘राहिलेल्यांना जरा हवा लागेल.’’ काढून टाकलेल्यांचं मत कुणी विचारत नाही. बागकाम म्हणजे निवड, आणि निवड म्हटली की नकार आलाच. आता एखाद्या जिवंत, धडधाकट गोष्टीला ‘तू नको’ म्हणायला माणसाजवळ काही अधिकार लागतो की नाही?

पुण्यात असताना हा प्रश्न मला कधी पडला नाही. तिथं माझी बाग म्हणजे गच्चीतल्या नऊ कुंड्या. त्यांत नकार द्यायचाच झाला तर तो झाडं मला देत. प्रश्न पडला तो मँचेस्टरच्या दक्षिणेला, लेकीच्या घरामागे, प्रिम्युलाच्या वाफ्यात गुडघे टेकून बसलो असताना.

परदेशी लेकीकडे गेलेल्या बापाची एक ठरलेली चढती भाजणी असते. पहिला आठवडा तो पाहुणा असतो. दुसऱ्या आठवड्यात तो भांडी पुसतो. तिसऱ्या आठवड्यात ‘‘बाबा, तुम्हाला नुसतं बसून कंटाळा येत असेल ना?’’ असा प्रेमळ प्रश्न येतो आणि बापाच्या हातात खुरपं येतं. आम्ही उभयता मार्चमध्ये सहा महिन्यांसाठी गेलो होतो. एप्रिल उजाडेपर्यंत सौ. स्वयंपाकघराची आणि मी बागेचा, अशी खातेवाटप होऊन गेली.

लेकीच्या बागेत होत्या प्रिम्युला. प्रिम्युला हे नाव ‘पहिली’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेलं. थंडी सरता सरता जी फुलं सगळ्यांच्या आधी डोकं वर काढतात, त्यांतली ही एक. रानात, कुंपणाच्या कडेनं फुलणारी फिकट पिवळी प्रिमरोझ आणि कुरणातली काउस्लिप या दोघी तिथल्या घरच्या. डिझरायली १९ एप्रिल १८८१ रोजी वारला तेव्हा व्हिक्टोरिया राणीनं त्याच्यासाठी प्रिमरोझची फुलं पाठवली होती. पुढं कैक वर्षं त्या तारखेला लोक कोटाला प्रिमरोझ लावून हिंडत. पण साऱ्या जगातल्या प्रिम्युलांच्या चारशेहून अधिक जाती मोजल्या तर निम्म्याहून जास्त निघतात हिमालयातल्या आणि त्याला लागून असलेल्या चीनच्या डोंगरांतल्या. म्हणजे हे प्रकरण दिसायला विलायती असलं तरी माहेर आपल्या शेजारचंच. हिमालयातली एक जात तर तिथल्या प्रत्येक नर्सरीत मिळते. जाड दांड्यावर जांभळ्या फुलांचा गोल गेंद असतो आणि पाटीवर नाव लिहिलेलं असतं, ‘ड्रमस्टिक’. ती पाटी वाचून सौ.चा चेहरा असा उजळला की विचारू नका. ‘‘अगं बाई, इथं शेवगा मिळतो!’’ परतीच्या वाटेवर ती गप्पगप्पच होती. शेंगांच्या आमटीचं स्वप्न भंगलेल्या माणसाला जांभळ्या फुलांचं काय कौतुक?

प्रिम्युलाची निगा राखणं तसं कठीण नाही. तिला सावली आवडते. गारवा आवडतो. पायाशी ओल लागते, पण पाणी साचलेलं चालत नाही. ढगाळ हवा, रिमझिम पाऊस, पानांच्या कुजलेल्या खताची भुसभुशीत माती मिळाली की ती खूष. मला इंग्लंडमध्ये जे जे नकोसं वाटलं, ते ते सगळं प्रिम्युलाला हवंहवंसं वाटतं, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. मी स्वेटर काढला की समजायचं, तिला आज पाणी घालायला हवं.

तिचं बी ताजं असलं की चांगलं रुजतं, आणि पेरल्यावर त्यावर माती लोटायची नसते, कारण उगवायला त्याला उजेड लागतो. दोन-तीन वर्षांत तिचा गड्डा दाट होतो. मग फुलं संपल्यावर तो उकरायचा आणि हातानं अलगद वेगळे वेगळे वाटे करून लांब लांब लावायचे. एकत्र ठेवलं तर सगळेच खुरटतात. वेगळं केलं की ज्याचा तो जोमानं फुलतो. याविषयी जास्त लिहीत नाही. आमचे थोरले बंधू हे वाचतात.

खरा त्रास असतो गोगलगाईंचा. आपल्याकडे ‘गोगलगाय नि पोटात पाय’ म्हणतात ते कुणीतरी बाग करणाऱ्यानंच म्हटलेलं असणार. तिथली गोगलगाय बहुतेक बिनशंखाची, म्हणजे घरदार नसलेली. पण भूक मात्र एकत्र कुटुंबाची. संध्याकाळी तरारलेलं रोप सकाळी पाहावं तर पानांची जाळी झालेली आणि मातीवर एक चकचकीत रेघ. पूर्वी लोक यावर मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकत. पक्ष्यांना आणि इतर प्राण्यांना त्यांचा धोका, म्हणून २०२२ साली ग्रेट ब्रिटनमध्ये त्यांचा बागेतला वापर बंद झाला. त्याच वर्षी तिथल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीनं जाहीर करून टाकलं, की यापुढे आम्ही गोगलगाईला ‘कीड’ म्हणणार नाही. काल रात्री गुन्हेगार म्हणून झोपलेली गोगलगाय सकाळी नागरिक म्हणून उठली!

जावई म्हणाले, मातीत बशी पुरून त्यात बिअर ओता. वासानं येतात आणि बुडून मरतात. सौ.ला हे मुळीच पटलं नाही. ‘‘मारायचं तर मारा, पण दारू पाजून कशाला?’’ शेवटी मी रोज रात्री दहाला टॉर्च आणि पुण्याहून आणलेला श्रीखंडाचा रिकामा डबा घेऊन निघू लागलो. सापडतील तेवढ्या डब्यात भरायच्या आणि बागेच्या टोकाला झुडपात नेऊन सोडायच्या. त्या सकाळपर्यंत परत येत असाव्यात. पण परत येणं हा त्यांचा पुरुषार्थ होता आणि नेऊन सोडणं हे माझं कर्तव्य. कर्म करावं, फळाची आशा धरू नये, असं आपल्याला शिकवलेलंच आहे.

असा मी अहिंसेच्या मार्गावर बरीच मजल मारली असताना कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यांशी ओळख झाली. ऐंशीच्या पुढचे गृहस्थ. वडील आणि आजोबा गिरणीत मागावर काम केलेले. हे ऐकूनच मला जवळीक वाटली, कारण माझंही बालपण गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावण्यात गेलेलं. त्यांच्याकडे होत्या ऑरिक्युला.

ऑरिक्युला म्हणजे प्रिम्युलांतलं राजघराणं. मूळ आल्प्स पर्वतातलं. नावाचा अर्थ ‘छोटा कान’, कारण पानं अस्वलाच्या कानासारखी. इंग्लंडात हिचा नाद मोठमोठ्या जमीनदारांनी केला हे खरं. डर्बीशरमधल्या कॉक ॲबे या वाड्यात तर ऑरिक्युलांसाठी फळ्यांचं एक ‘थिएटर’च बांधलेलं आहे, त्यात फुलं प्रेक्षकांसारखी ओळीनं बसतात. पण तिला खरं नावारूपाला आणलं ते लँकशरच्या हातमागावरच्या विणकरांनी. घरातच माग असल्यामुळे पाऊस आला की धावत जाऊन कुंड्या आत घ्यायच्या आणि पुन्हा धोटा हातात घ्यायचा, असा त्यांचा क्रम असे म्हणतात. कारण काही ऑरिक्युलांच्या फुलांवर पांढरी पिठी असते आणि एका सरीनं ती विस्कटते. पोरांच्या डोक्यावर छप्पर गळत असेल, पण फुलाच्या डोक्यावर छत्री! खताचे प्रकार ऐकाल तर जेवण जाणार नाही. आयझॅक एमर्टन नावाच्या माणसानं १८१५ साली या विषयावर एक पुस्तक लिहिलं, त्यात बैलाच्या रक्तात भिजवलेली हंसाची विष्ठा सांगितली आहे. कॉपरची किटली हे प्रदर्शनातलं मानाचं बक्षीस. त्या किटलीसाठी माणसं वर्ष वर्ष झुरायची.

आमचे शेजारी दरवर्षी त्या प्रदर्शनाला जाणारे. बोलायला गोड, हात थरथरणारे. मला त्यांनी पहिल्याच दिवशी एक कप चहा आणि दोन रोपं दिली. आणि दुसऱ्या आठवड्यात मी पाहिलं, की हेच गृहस्थ फुललेली रोपं कुंडीतून उपटून खताच्या ढिगावर फेकताहेत.

मेलेली नाहीत, रोगट नाहीत. नुकती पहिल्यांदा फुललेली! पिकल्या जांभळासारखा रंग, मध्ये सायीसारखं गोल कडं. दोन-तीन वर्षं बीपासून वाढवलेली पोरं, आणि पहिलं फूल उमललं त्या दिवशीच ढिगावर. मी कुंपणावरून विचारलं, ‘‘काय झालं?’’

ते म्हणाले, ‘‘पिन आहेत.’’

आता हे पिन प्रकरण सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. प्रिम्युलाच्या बहुतेक जातींत दोन तऱ्हेची झाडं असतात. एकीच्या फुलात डोकावलं तर नळीच्या तोंडाशी टाचणीच्या डोक्यासारखा एक हिरवट मणी दिसतो. ते स्त्रीकेसराचं टोक. परागकोश खाली नळीत दडलेले असतात. ही पिन. दुसरीत उलटं. स्त्रीकेसर आखूड, खाली दडलेला, आणि तोंडाशी परागकोशांचा छोटासा झुबका. हिला म्हणतात थ्रम. थ्रम म्हणजे मागावर उरलेल्या सुताच्या दशा. शब्द विणकरांच्या घरातलाच. एका झाडाची सगळी फुलं एकाच तऱ्हेची असतात.

प्रदर्शनाचा नियम असा, की फूल थ्रमच हवं. झुबक्यामुळे नळीचं तोंड भरलेलं दिसतं. पिनमध्ये ते रिकामं, भोकासारखं दिसतं. म्हणून पिन बाद! रंग कितीही सुरेख असो, पाकळ्या कितीही सपाट नि गोल असोत. ही शिस्त दोनशे वर्षांहून जुनी आहे.

मला आमचे लग्नाचे दिवस आठवले. माझ्या पत्रिकेत मंगळ. तीन ठिकाणांहून पत्रिका परत आल्या होत्या. मुलगा पदवीधर, निर्व्यसनी, बँकेत कायम. पण मंगळ कुठं बसलाय ते पाहिलं नि ढिगावर फेकला! (सौ.ला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘त्या तिघी सुटल्या.’’ तिच्या पत्रिकेतही मंगळ आहे.)

पण हे विनोदानं घेण्याचे दिवस नव्हते. लेकीच्या घरात त्या वसंतात एक अदृश्य सुतक होतं. इंग्लंडात एके काळी अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा घेत. उत्तीर्ण झालेली ग्रामर स्कूलमध्ये, बाकीची दुसरीकडे. १९६५ नंतर बहुतेक ठिकाणी ही पद्धत हळूहळू मोडीत निघाली. पण सगळीकडे नाही. इंग्लंडमध्ये अजून १६३ ग्रामर स्कूल्स आहेत आणि लेकीचं घर नेमकं तसल्या भागात. घर घेतलंच होतं त्यासाठी. आणि नातीनं आदल्या सप्टेंबरात दिलेल्या परीक्षेत ती थोडक्या गुणांनी राहिली होती.

नातीला स्वतःला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. नव्या शाळेत पोहण्याचा तलाव आहे, एवढ्यावर ती समाधानी होती. दुःख होतं ते मोठ्यांना. पुण्याहून, ठाण्याहून, न्यू जर्सीहून सांत्वनाचे फोन येत. आणि सांत्वनाचा फोन स्पीकरवर घ्यायचा नसतो, हे घाईत कुणाच्या ध्यानात राहत नाही. एका संध्याकाळी एक नातेवाईक बाई हळहळून म्हणाल्या, ‘‘इतकी हुशार पोर, पण सगळी मेहनत वाया गेली हो!’’

रात्री टॉर्च घेऊन मी बागेत निघालो तेव्हा नात डबा धरायला आली. तिचं मराठी घरगुती. जेवणाखाण्याचे आणि रागवारुसव्याचे शब्द पक्के, बाकीचे कच्चे. दोन गोगलगाई डब्यात टाकून झाल्यावर तिनं विचारलं, ‘‘आजोबा, वाया म्हणजे काय?’’

मी म्हणालो, ‘‘वाया म्हणजे... फुकट. दूध उतू गेलं की वाया जातं, तसं.’’

‘‘हं,’’ ती म्हणाली आणि पुढची गोगलगाय शोधायला लागली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शेजारी ढिगाशी उभे. नात कुंपणाच्या फटीतून त्यांच्या बागेत शिरली. तिला तिथं मुक्त परवाना होता. तिनं ढिगावरचं जांभळं फूल उचललं, त्यात डोकावून पाहिलं, दुसऱ्या कुंडीतल्या फुलात डोकावून पाहिलं आणि त्यांना इंग्रजीत विचारलं, ‘‘याचं काय चुकलं?’’

ते म्हणाले, ‘‘काहीच नाही.’’

‘‘मग फेकलं का?’’

‘‘नियम आहे.’’

ती माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, ‘‘आजोबा, म्हणजे हे वाया गेलं?’’

स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि आतला नळ एकदम बंद झाला, एवढं मला ऐकू आलं.

अशा वेळी आजोबांनी काहीतरी शहाणपणाचं बोलायचं असतं. चटकन सुचणारं शहाणपण म्हणजे नियमाला शिव्या देणं. नियम वाईट, परीक्षा वाईट, प्रदर्शनं वाईट, सगळी फुलं सारखीच सुंदर! हे बोलायला सोपं आणि टाळ्या घेणारं आहे. पण मला ते खरं वाटेना. शेजाऱ्यांच्या घरी दरसाल दोनशे रोपं होतात आणि जागा साठ कुंड्यांची. मुंबईत दोन खोल्यांत संसार केलेल्या माणसाला हे गणित समजावून सांगावं लागत नाही. दयेलासुद्धा जागा लागते. आणि ही दोनशे वर्षांची शिस्त नसती, तर ते देखणं, कंपासनं काढल्यासारखं फूल झालंच नसतं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे नियम हा त्या गरीब विणकरांचा मित्र होता. टेबलावर कुंडी ठेवली की ती गिरणीमालकाची की मागवाल्याची, हे बघायचं नाही. कडं गोल आहे का, पाकळी सपाट आहे का, एवढंच बघायचं. आपल्याकडेसुद्धा वशिला नसलेल्या कितीतरी पोरांना परीक्षेनंच वर काढलं. मी स्वतः बँकेत लागलो तो लेखी परीक्षेच्या जोरावर. आमच्या घराण्याची ओळख साहेबांपर्यंत पोचली असती तर मी लागलो नसतो. तेव्हा नियमाला मोडीत काढायला मी तयार नव्हतो. मग पोरीला सांगायचं काय?

उत्तर सुचलं ते शेजाऱ्यांना. त्यांनी नातीला खुणेनं ग्रीनहाऊसमध्ये बोलावलं. मागोमाग मीही गेलो. वरच्या फळ्यांवर ऐटीत बसलेल्या थ्रम, आणि अगदी खालच्या फळीवर, अंधारात, आठ-दहा कुंड्या. त्यांनी एक वर काढली. पिन!

‘‘ही का ठेवली?’’ नातीनं विचारलं.

‘‘बी धरायला,’’ ते म्हणाले. ‘‘नुसत्या थ्रमच्या भरवशावर बसलो तर माझी फळी रिकामी होईल.’’

इथं थोडं डार्विनविषयी सांगायला हवं. लोक त्याला माकडांवरून ओळखतात. पण या गृहस्थानं प्रिमरोझ आणि काउस्लिप यांच्यावर कित्येक वर्षं घालवली. झाडांवर जाळी टाकून किडे बाहेर ठेवले, स्वतःच्या हातानं या फुलाचे पराग त्या फुलाला लावले आणि बी मोजत बसला. १८६२ साली त्याचा निबंध छापून आला आणि १८७७ साली याच विषयावर आख्खं पुस्तक. त्यातलं सार असं : पिनला पिनचे पराग लागले तर बी फार कमी धरतं. थ्रमला थ्रमचे लागले तरी तीच रड. भरघोस बी धरतं ते पिन आणि थ्रम यांचं जमलं तर. परागकोश नि स्त्रीकेसर वरखाली असतात ते यासाठीच. एका फुलात किड्याच्या अंगाच्या ज्या भागाला पराग चिकटतात, तोच भाग दुसऱ्या तऱ्हेच्या फुलात नेमका स्त्रीकेसराला टेकतो. आपल्याकडे सगोत्र विवाह निषिद्ध, प्रिम्युलांतही तेच. गोत्रं मात्र दोनच, पिन आणि थ्रम. आणि अशा जोडप्याची संतती? सुमारे निम्मी पिन, निम्मी थ्रम. आपल्या छोट्या शोधांपैकी इतका आनंद दुसऱ्या कशानंच दिला नाही, असं डार्विननं आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. त्याचं मला नवल वाटत नाही. एका साध्या रानफुलाच्या घरात कुणाशी लग्न करायचं याची इतकी चोख व्यवस्था सापडली, तर कुठल्याही बापाला हायसं वाटेल.

म्हणजे गंमत बघा. प्रदर्शनाच्या टेबलावर जिला बक्षीस मिळतं, तिचं कूळ निसर्गाच्या रीतीनं चालायचं असेल, तर त्याला बाद झालेलीचीच गरज. टेबलाला हवी एक. मातीला हव्या दोघी. टेबलाचा नियम खोटा नाही; पण तो टेबलाएवढाच आहे. चार पायांचं, तीन फूट रुंदीचं टेबल! घोटाळा होतो तो माणूस ते टेबल उचलून घरात आणतो तेव्हा. मग तो जेवायला बसतो त्याच्यावर, पोरांना बसवतो त्याच्यावर, आणि सुनेला, जावयाला, शेवटी स्वतःलासुद्धा त्याच्यावर ठेवून बघतो. फूल नापास झालं, याचा अर्थ एवढाच, की एका टेबलावर एका दिवशी त्याची जागा नव्हती. फूल वाया गेलं असं म्हणायला अख्खी पृथ्वी परीक्षक म्हणून आणावी लागेल, आणि तिनं अजून असा निकाल दिल्याचं ऐकिवात नाही.

हे सगळं मी मनात जुळवत होतो. शेजाऱ्यांनी ते फार थोडक्यात उरकलं. ते नातीला म्हणाले, ‘‘प्रदर्शन असतं एका शनिवारी. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस ही नुसती झाडं असतात.’’

नातीनं ढिगावरून तीन रोपं उचलली. ‘‘ही मी नेऊ?’’ त्यांनी मान डोलावली. आमच्या वाफ्यात तिनं ती लावली. ही पिठी नसलेल्या जातीची होती; पावसाची तक्रार न करणारी. मी त्यांच्या शेजारी, त्यांनी पहिल्या दिवशी दिलेल्या दोन थ्रम लावल्या होत्या. संध्याकाळी लेक बाहेर आली, बराच वेळ वाफ्यापाशी उभी राहिली आणि मग एकदम म्हणाली, ‘‘बाबा, त्या नव्या शाळेचा तलाव किती मोठा आहे माहितेय?’’ एवढंच. तेव्हापासून स्पीकरवरचे फोन बंद झाले. फोन येत, पण ती दुसऱ्या खोलीत जाऊन घेई आणि लवकर परत येई.

माझा मूळ प्रश्न मात्र सुटला असं मी म्हणणार नाही. नकार देण्याचा अधिकार माणसाला कुणी दिला? कुणीच नाही. जागा कमी असते, म्हणून तो आपला आपण घेतो. तेव्हा निदान दोन गोष्टी कराव्यात, असं मला वाटतं. एक, फेकताना ‘तुझं काही चुकलं नाही’ हे त्या शेजाऱ्यांसारखं मोकळेपणानं सांगावं. आणि दुसरी, ढीग आणि कुंपण यांच्यामध्ये एक फट ठेवावी, पोरांना आतबाहेर करता येईल एवढी.

सप्टेंबरात आम्ही परतलो. नात नव्या शाळेत जाऊ लागली. पुढच्या एप्रिलमध्ये तिचा फोन आला. आवाज गंभीर.

‘‘आजोबा, वाईट बातमी. गोगलगाईंनी रात्री वाफा खाल्ला.’’

‘‘अरे अरे! कुठली खाल्ली? पिन की थ्रम?’’

‘‘दोन्ही,’’ ती म्हणाली. ‘‘सारखीच.’’

गड्डे शाबूत आहेत, पुन्हा फुटतील, असा शेजाऱ्यांनी निर्वाळा दिला आहे. पण मी त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या विचार करत होतो. साधुसंत जन्मभर जिच्यासाठी खटपट करतात, ती समदृष्टी या मृत्युलोकात कुणाला साधली असेल, तर ती पोटात पाय असलेल्या त्या एका जिवाला. सोसायटीनं तिला कीड म्हणणं सोडलं, ते उगाच नाही.